चौथे मत

ऑरिन टॉर्विक यांनी चष्मा काढला, रुमालाच्या टोकाने दोन्ही काचा सावकाश पुसल्या, तो परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले,

"मृत्युदंड रद्द करावा."

टेबलाभोवतीच्या बाकीच्या सहा न्यायमूर्तींपैकी कोणाचीच पेन्सिल लगेच हलली नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ऑरिन एकवीस वर्षे होते. एवढ्या काळात मृत्युदंडाची नऊ अपिले त्यांच्यापुढे आली आणि नऊच्या नऊंमध्ये त्यांनी शिक्षा कायम केली. वकील मंडळी त्यांच्या पाठीमागे त्यांना 'दगडी ऑरिन' म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होते.

"ऑरिन, चर्चला जायला लागलात की काय?" क्लेटन मर्कने विचारले. शिक्षा कायम करा म्हणणाऱ्या तिघांपैकी तो एक.

"मी चाळीस वर्षं जातोय. तूच कधी दिसत नाहीस."

हशा पिकला आणि खोली जरा सैल झाली. मत देताना सर्वांत नव्या न्यायमूर्तीने आधी बोलायचे आणि मुख्य न्यायमूर्तींनी शेवटी, असा तिथला रिवाज. ऑरिनपर्यंत तीन विरुद्ध दोन असे चालले होते. आता तीन-तीन झाले. शेवटचे मत मुख्य न्यायमूर्ती लोइस हार्टविगचे होते आणि ते काय असणार हे दारावरच्या शिपायालाही सांगता आले असते. म्हणजे चौथे मत म्हणायचे तर ते ऑरिनचेच.

"रद्द," लोइस म्हणाली. "चार-तीन. निकाल मी लिहीन."

बाहेर पडताना तिला ऑरिनचे आभार मानावेसे वाटले. पण मताबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही, म्हणून ती नुसतेच म्हणाली, "जेवायला येताय ना?"

दाराबाहेर ते क्षणभर थांबले. त्यांनी कॉरिडॉरमध्ये डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले.

"तू पुढे हो," ते म्हणाले. आणि ती निघाली तसे तिच्या मागोमाग चालू लागले.

ड्वेन पर्डीने बावीस वर्षांचा असताना एका पेट्रोल पंपावर आयरीन बोल्टन नावाच्या बाईला गोळी घातली होती. आयरीन काउंटरवर होती. तिला दोन मुली होत्या. पर्डीने ते केले यात शंका नव्हती, अपिलातही कोणी ते नाकारत नव्हते. प्रश्न त्याच्या वकिलाचा होता. लहानपणी बाप पर्डीला तळघरात कोंडून ठेवत असे. सातव्या वर्षी डोक्याला असा मार बसला की पोर दोन महिने बोलले नाही. हे सगळे कागदोपत्री होते, वकिलाच्या कपाटात होते, आणि जगू द्यायचे की मारायचे हे ठरवणाऱ्या ज्यूरीतल्या बारा जणांना त्यातले एक अक्षरही सांगितले गेले नव्हते.

लोइसने निकाल मन लावून लिहिला. एकेचाळीस पाने. मसुदा सहाही जणांकडे गेला. सोबतच्या दोघांनी किरकोळ दुरुस्त्या सुचवून आद्याक्षरे टाकली, विरोधातल्या तिघांनी 'पाहिला' एवढेच लिहिले. ऑरिनची प्रत मात्र आली नाही.

ती आली एका गुरुवारी. ऑरिनची सेक्रेटरी व्हर्ना ती स्वतः घेऊन आली, पाकिटात घालून, पाकीट चिकटवून. व्हर्ना त्यांच्याकडे सव्वीस वर्षे होती. जिल्हा न्यायालयातून त्यांच्याबरोबरच वर आली होती.

"एकट्या असताना उघडा, चीफ."

"मी एकटीच आहे."

व्हर्नाने मागे वळून दार लावले आणि तिथेच उभी राहिली.

पहिल्याच पानावर, जिथे जिथे 'पर्डी' होते तिथे हिरव्या शाईची एक सरळ रेघ होती आणि वर ऑरिनच्या टोकदार अक्षरात 'रेनर' लिहिले होते. दुसऱ्या पानावर तसेच. लोइस पाने उलटत गेली. एकेचाळीस पानांत त्यांच्या हातून एकही जागा सुटली नव्हती. शेवटच्या पानावर त्यांची आद्याक्षरे होती आणि खाली एक ओळ : 'या वेळी उशीर नको.'

"केव्हापासून?" लोइसने विचारले.

"मागच्या उन्हाळ्यापासून. आधी तारखा जायला लागल्या. मग माणसांची नावं."

"त्यांचे निकाल तर येतायत की. चांगले येतायत."

"मी आणि त्यांचा मदतनीस वकील मिळून लिहितो. ते वाचून सही करतात."

"वाचून?"

व्हर्ना खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर बर्फ ढकलणारा ट्रक मागेपुढे करत होता.

लाइल रेनर कोण, हे लोइसला विचारावे लागले नाही. ऑरिन जिल्हा न्यायाधीश असताना त्यांनी दिलेला हा एकुलता एक मृत्युदंड. पुढे ते वरच्या न्यायालयात आले, तिथे रेनरचे अपील आले तेव्हा नियमाप्रमाणे बाजूला झाले. स्वतः दिलेल्या शिक्षेवर स्वतः बसता येत नाही. इतरांनी शिक्षा कायम केली. लाइल रेनर मरून एकोणीस वर्षे झाली होती.

रविवारी दुपारी लोइस त्यांच्या घरी गेली. गाव राजधानीपासून तासाभरावर होते. सपाट पांढरी शेते, मधूनच धान्याचे उंच कोठार, आणि वारा. ऑरिनची बायको मार्गिट दारात उभी होती, जणू लोइस येणार हे तिला सांगून ठेवले होते.

"सकाळ चांगली गेली त्याची," ती हळूच म्हणाली. "बोल तू. पण दमवू नकोस."

ऑरिन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. लोइसला पाहताच उठले. बाई खोलीत आली की उठायचे ही त्यांची जुनी सवय. मार्गिटने कॉफी ओतली, सफरचंदाच्या पायचे तुकडे कापून पुढे ठेवले आणि कपड्यांच्या घड्या घालायच्या निमित्ताने पलीकडच्या खोलीत गेली. दार तिने उघडेच ठेवले.

"तुमची प्रत मिळाली," लोइस म्हणाली.

"चांगलं लिहिलंयस. वकिलाचा भाग तर फारच. मी लिहिला असता तर एवढं सरळ नसतं जमलं मला."

"ऑरिन, तुम्ही मत का बदललंत?"

त्यांनी कप खाली ठेवला. बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाज न्यायासनावरचा होता. एक शब्द अडखळत नव्हता.

"तो एकोणीस वर्षांचा होता, लोइस. त्याच्या वकिलाला मी ओळखत होतो. दुपारनंतर तोंडाला वास यायचा. सगळ्यांनाच माहीत होतं. सरकारी वकिलाचं झालं, तो उठला आणि म्हणाला, आमचा कोणी साक्षीदार नाही. माणूस मरायचा की जगायचा हे ठरतंय आणि याच्याकडे एक साक्षीदार नाही! मी विचारू शकलो असतो. थांबा म्हणू शकलो असतो. आठवडाभर तहकूब केलं असतं तर कोणी मला बोललं नसतं. पण दुसऱ्या दिवशी रानकोंबड्यांच्या शिकारीचा मोसम उघडत होता. माझा भाऊ बंदुका गाडीत घालून खाली थांबला होता." ते थांबले. "ज्यूरीला त्या पोराबद्दल काहीच कळलं नाही. आणि ज्याच्याबद्दल काही कळलेलं नाही त्याला मारायचं ठरवणं म्हणजे निकाल नव्हे. ती नुसती घाई आहे."

लोइसने पायचा तुकडा काट्याने मोडला, पण उचलला नाही. एकेचाळीस पानांत तिला जे म्हणायचे होते ते या माणसाने कॉफी गार होण्याआधी म्हणून टाकले होते. कारणे बरोबर होती. माणूस तेवढा चुकीचा होता.

"तो अजून आत आहे ना?" ऑरिननी विचारले. "जिवंत आहे ना?"

"आहे," लोइस म्हणाली. पर्डी जिवंत होता.

"मग वेळ घालवू नकोस."

मार्गिट तिला गाडीपर्यंत पोचवायला आली. अंगावर शाल नव्हती, दोन्ही हात काखेत धरले होते.

"जूनमध्ये तो स्वतःच निवृत्त होतोय. कोर्टात लावायची तसबीर काढायला माणूस पण ठरलाय. तीन महिने राहिलेत, लोइस. हा निकाल जाऊ दे, मग मी त्याला घरीच ठेवते. तब्येतीचं काहीतरी सांगू."

लोइसने गाडीचे दार उघडले.

"त्यानं दिलेलं मत चुकीचं आहे असं वाटतं तुला?" मार्गिटने विचारले.

"नाही."

"मग?"

लोइस गाडीत बसली. रस्त्याने परतताना तिने दोनदा गाडी बाजूला घेऊन थांबवली.

पाकीट तिने टेबलाच्या खणात ठेवले. आद्याक्षरे होती. कायद्याला तेवढी पुरत होती. नवी स्वच्छ प्रत काढून व्हर्नाकडे पाठवली असती तर व्हर्नाने दुसऱ्या दिवशी त्यावरही आद्याक्षरे आणून दिली असती. कोणी विचारणारे नव्हते. मतदानाच्या खोलीत काय बोलले गेले ते खोलीबाहेर जात नाही. दुसऱ्या बाजूला, निकाल बाहेर पडण्याआधी ऑरिन गेले तर त्यांचे मत गळणार, तीन-तीन उरून अपील पुन्हा ऐकावे लागणार, आणि त्यांच्या जागी माणूस नेमणार गव्हर्नर, आणि गव्हर्नर निवडून आले होते ते रखडलेले मृत्युदंड मार्गी लावीन असे गावोगाव सांगून.

मंगळवारी क्लेटन मर्क कॉफीचा मग घेऊन आत आला.

"चीफ, माझं विरोधी मत लिहून झालंय. तुमचा निकाल कधी बाहेर पडतोय?"

"थोडं काम राहिलंय."

मर्क खुर्चीत बसला नाही. कॉफीचा मग दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

"मागच्या आठवड्यात ऑरिननी माझ्या वडिलांची चौकशी केली. बरे आहेत म्हणून सांगितलं मी."

"क्लेटन, तुझे वडील तर—"

"आठ वर्षं झाली. शवपेटी उचलायला ऑरिन पुढे होते. डाव्या बाजूला."

बाहेर कोणीतरी हसत हसत गेले. पावले लांब गेली.

"तुला काय म्हणायचंय?" लोइसने विचारले.

"मला? काही नाही. मी हरलोय, चार-तीन. मला हरता येतं." त्याने मगात पाहिले. "कायद्याप्रमाणे त्या पर्डीची शिक्षा बरोबर आहे, हे माझं मत. ते मी लिहिलंय. पण तो मरावा म्हणून मी देवाजवळ काही मागत बसलेलो नाही. मी काही पाहिलं नाही, चीफ. कोणी विचारलं तरी हेच सांगेन."

तो गेला. लोइसला वाटले होते की कोणीतरी अडवेल, बोट दाखवील, आणि मग जे करायचे ते करण्यावाचून इलाज उरणार नाही. अडवू शकणारा एकच माणूस होता आणि तो आत्ताच दार ओढून घेऊन गेला होता.

अकरा वर्षांपूर्वी लोइसने एक निकाल लिहिला होता. तोवर तिला राजधानीबाहेर कोणी ओळखत नव्हते. त्या निकालाने ओळखू लागले. एका खटल्यात ज्यूरीवर एक म्हातारे गृहस्थ होते. आरोपी कोण आणि फिर्यादी कोण यातच त्यांचा गोंधळ होता, हे शिक्षा झाल्यावर उघडकीला आले. खालच्या न्यायालयाने म्हटले, बाकीचे अकरा शुद्धीवर होते ना, मग झाले. लोइसने ती शिक्षा मोडीत काढली. माणसाचा न्याय करणाऱ्याला आपल्यासमोर कोण आहे हे ठाऊक असलेच पाहिजे, असे तिने लिहिले होते. त्या एका वाक्यावर पुढे चार माणसे तुरुंगातून सुटली. विद्यापीठातली पोरे ते पाठ करत. आणि ते वाक्य तिने मनापासून लिहिले होते; तिची सारी कारकीर्द त्या एका वाक्यावर उभी होती असे म्हटले तरी चालले असते.

आणखी तीन दिवस तिने खण उघडला नाही. शुक्रवारी सकाळी ती ऑरिनच्या खोलीत गेली.

व्हर्ना दाराशी आडवी आली नाही, पण बाजूलाही झाली नाही. लोइसला अंग चोरून आत शिरावे लागले. ऑरिन वर्तमानपत्र वाचत होते. दाढी ताजी होती, टाय नीट होता.

"ऑरिन," ती समोर बसत म्हणाली, "ड्वेन पर्डी कोण आहे?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. प्रश्नात काहीतरी खोच आहे हे त्यांना कळले होते. चाळीस वर्षे ते प्रश्न ऐकत आले होते. त्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून फिरले, तिथे उत्तर मिळते का बघत.

"वकील?" ते म्हणाले.

लोइसने नकारार्थी मान हलवली.

त्यांनी वर्तमानपत्र बाजूला सारले. मग म्हणाले, "व्हर्नाला सांग, राजीनामा टाइप करून आण म्हणावं. मला मजकूर नीट सांगता यायचा नाही."

व्हर्नाने आणला. त्यांनी सही केली. सही नेहमीसारखीच होती, शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवलेली. पेन टोपणात घालताना त्यांनी विचारले,

"माझ्यामुळे कोणाचं काही वाईट तर नाही ना झालं?"

"नाही," लोइस म्हणाली.

दुपारी व्हर्नाने त्यांची पुस्तके खोक्यांत भरली. त्यानंतर ती लोइसला कधी 'चीफ' म्हणाली नाही. 'मॅडम' म्हणू लागली.

नवा न्यायमूर्ती तीन आठवड्यांत आला. राज्याच्या दक्षिणेकडच्या एका जिल्ह्यात तो सरकारी वकील होता. सत्तेचाळीस वर्षांचा, शांत, कष्टाळू. लोइसला त्याचा राग यावा असे त्याच्यात काही नव्हते. सप्टेंबरमध्ये पर्डीचे अपील पुन्हा ऐकले गेले. नव्या न्यायमूर्तीने सगळी कागदपत्रे वाचली होती, तळघर वाचले होते, डोक्याचा मार वाचला होता. त्याने नेमके प्रश्न विचारले. मतदानाच्या खोलीत सर्वांत नवा म्हणून तो पहिला बोलला.

"मला वाईट वाटतं," तो म्हणाला, "पण शिक्षा कायम करावी."

चार-तीन. निकाल मर्कने लिहिला. लोइसचे विरोधी मत एकेचाळीस पानांचे झाले, कारण बहुतेक मजकूर तयारच होता.

पर्डीला फेब्रुवारीतला एक मंगळवार मिळाला, सकाळी दहाचा. अशा दिवशी मुख्य न्यायमूर्तीने आपल्या खोलीत टेलिफोनजवळ बसायचे असते. शेवटच्या घटकेला एखादा अर्ज आला तर. लोइस आठ वाजताच येऊन बसली. अर्ज आला नाही. जे करता येण्यासारखे होते ते पर्डीच्या वकिलांनी सोमवारीच करून पाहिले होते, आणि तेही चार-तीननेच फेटाळले गेले होते. दहा वाजून अठरा मिनिटांनी फोन वाजला.

"झालं, मॅडम. दहा-सतरा," तुरुंगातला माणूस म्हणाला.

तिने वेळ लिहून घेतली. तशी लिहून घ्यावी लागते.

दुपारच्या बातम्यांत आयरीन बोल्टनची थोरली मुलगी दाखवली. आता ती तिशीची होती. कसे वाटते असे तिला विचारले. तिने काहीतरी बोलण्याचा प्रयत्न केला, मग घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाली, मला मुलाला शाळेतून आणायला जायचंय. एवढेच. लोइसने टीव्ही बंद केला.

मतदानापासून राजीनाम्यापर्यंत किती दिवस गेले होते ते तिने आधीच मोजले होते. अडतीस. ड्वेन पर्डीला हे कधीच कळले नाही की अडतीस दिवस तो वाचलेला होता.

एप्रिलमध्ये ती ऑरिनच्या घरी गेली. वर्षभर गेली नव्हती. दोनदा फोन केला होता, दोन्ही वेळा मार्गिटने 'झोपलाय' म्हणून ठेवून दिला होता. या वेळी ती न विचारताच गेली. शेतांत बर्फ वितळून जागोजाग काळी माती वर आली होती.

मार्गिटने दार उघडले. वाळली होती. दाराच्या चौकटीवर हात ठेवून तिने लोइसला खालीवर पाहिले.

"तुला नुसतं गप्प बसायचं होतं," ती म्हणाली. "बाकी काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प."

"हो."

"नंतर बरेच दिवस विचारायचा मला, निकाल लागला का, निकाल लागला का. मी काय सांगायचं?"

"काय सांगितलंत?"

"लागला म्हणून." मार्गिटने हात खाली घेतला. "ये आत. आज बोलतोय तो."

ऑरिन मागच्या खोलीत खिडकीशी बसले होते, गुडघ्यांवर घोंगडी होती. लोइस दारातून आत आली तसे त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि उठू लागले. उठायला त्यांना वेळ लागला, पण ते पूर्ण उभे राहिले. घोंगडी पायांशी पडली.

"मिसेस रेनर," ते म्हणाले.

लोइस जागीच थांबली.

"बसा. इतक्या लांबून आलात. बसा ना."

ती पलंगाच्या कडेवर बसली. तेही बसले. त्यांचे डोळे स्वच्छ होते, आणि तिच्यावरून हलत नव्हते.

"मी तुम्हाला पाहिलं होतं," ते म्हणाले. "तिसऱ्या बाकावर होतात तुम्ही. मांडीवर कागदी पिशवी होती, किराण्याची. तिच्यात तुमच्या मुलाचे कागद होते ना? शाळेचे, दवाखान्याचे?"

लोइसचे हात नकळत मांडीवर आले.

"तुमच्या वकिलानं साक्षीदार नाही म्हणून सांगितलं तेव्हा तुम्ही हात वर केलात. शाळेतली मुलगी करते ना, तसा. एकदा केलात. मग परत एकदा केलात. मी पाहिलं. आणि मी खाली मान घालून लिहीत राहिलो." त्यांनी ओठ ओले केले. "लिहीत काहीच नव्हतो. हे मी कोणालाच सांगितलेलं नाहीये. मार्गिटलाही नाही."

पलीकडे स्वयंपाकघरात नळ सुरू होता, तो बंद झाला.

"माझं काम होतं तुम्हाला विचारायचं. बाई, काय आहे पिशवीत? एवढंच विचारायचं होतं. नंतर दर वेळी वाटायचं, एकदा ढिला पडलो तर त्या दिवसाचं काय? म्हणून मग मी ढिला पडलोच नाही. कोणाच्याच बाबतीत."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून. 

"माफी मागायचं तोंड नाही मला. तरी मागतोय."

ऑरिन, मी लोइस. एवढेच म्हणायचे होते. तिने तोंड उघडलेही. खिडकीतून उन्हाचा पट्टा त्यांच्या गुडघ्यांवर आला होता आणि ते वाट पाहत होते. पूर्वी एखाद्या वकिलाचे उत्तर येईपर्यंत पाहायचे तशी, न घाबरता, जे येईल ते ऐकायच्या तयारीने.

लोइसने त्यांचे हात हातांत घेतले. गार होते.

"केलं," ती म्हणाली. "माफ केलं तुम्हाला."

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांची मान एका बाजूला कलली, पकड सैल झाली आणि झोपेत श्वास संथ झाला तसे त्यांचे हात जड होत गेले. तिने ते त्यांच्या मांडीवर ठेवले, घोंगडी उचलून त्यांच्यावर पांघरली आणि काही वेळ तशीच बसून राहिली. मग उठली.

मार्गिट बाहेर तिचा कोट हातात धरून उभी होती. तिने तो मागून धरला आणि लोइसने बाह्यांत हात घातले.

"ओळखलं का तुला?" मार्गिटने विचारले.

लोइस बटणे लावत होती. एक चुकीच्या काजात गेले होते, ते तिने सोडवले आणि पुन्हा लावले.

"हो," ती म्हणाली. "ओळखलं."